न्यूव्हिल नशिबाने जिंकला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२४ च्या जागतिक रॅली मालिकेचा आढावा आपल्या क्रीडा पानावर आला, त्याबद्दल आधी आभार. क्रिकेटच्या गर्दीतून रॅलीला तीन कॉलम मिळणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट नाही. पण आढाव्याचा सूर असा होता की, जपानच्या शेवटच्या फेरीत ह्युंदाईच्या ओट तानाकची गाडी रस्ता सोडून गेली आणि म्हणून सहावा आलेला थिएरी न्यूव्हिल नशिबाने जगज्जेता झाला. हे वाचून गप्प बसवेना. तानाकच्या त्या चुकीने चालकांच्या विजेतेपदात फार काही उलटेपालटे झाले नाही. तिने उलटवले ते कंपन्यांचे विजेतेपद, आणि त्याला आढाव्यात एका ओळीपुरतीही जागा नव्हती.

हिशेब साधा आहे. जपानला जाताना न्यूव्हिलकडे तानाकवर २५ गुणांची आघाडी होती. एका फेरीत, म्हणजे मालिकेतल्या एका रॅलीत, मिळू शकणारे कमाल गुण ३०. म्हणजे तानाकने सगळेच्या सगळे खिशात घातले असते तरी न्यूव्हिलला सहा गुण पुरणार होते. शुक्रवारी इंजिनाची ताकद गेल्याने तो पार मागे फेकला गेला आणि तिथून वर चढत सहावा आला. इकडे कंपन्यांच्या यादीत ह्युंदाई ५२६ आणि टोयोटा ५११. पंधरा गुणांची ही आघाडी ह्युंदाईने तीन दिवसांत घालवली आणि शेवटी ५६१ विरुद्ध ५५८ अशी टोयोटाची सरशी झाली. शेवटच्या पॉवर स्टेजच्या (स्टेज म्हणजे रॅलीतला घड्याळ लावून पळण्याचा टप्पा) तोंडावर दोन्ही संघ समसमान होते, तिथे टोयोटाच्या सेबास्तियन ओजिएने सर्वांत वेगवान वेळ दिली. तीन गुणांनी गेलेल्या या विजेतेपदासमोर तानाकचे शनिवारचे १८ गुण ठेवून पाहा. गाडी सांभाळून घरी आणली असती तरी ह्युंदाईचे काम झाले असते.

शनिवारचे १८ गुण म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय २०२४ चा मोसम कळणारच नाही, म्हणून थोडे विस्ताराने. या मोसमात गुणांची तीन खाती होती. शनिवारी रात्री जो क्रम असेल त्यानुसार पहिल्या दहांना १८-१५-१३-१०-८-६-४-३-२-१. मग फक्त रविवारच्या स्टेजेसची वेगळी बेरीज, तिच्यातून पहिल्या सातांना ७ ते १. आणि रविवारचीच शेवटची स्टेज, म्हणजे पॉवर स्टेज, तिथे पहिल्या पाचांना ५ ते १. शनिवारचे गुण मात्र उधारीवर; रविवारी गाडी अंतिम रेषेपर्यंत पोचली तरच ते पदरात पडत. तानाक शनिवारी जपानमध्ये आघाडीवर होता. रविवारच्या पहिल्याच स्टेजवर गाडी झाडीत गेली आणि १८ चे शून्य झाले.

ही पद्धत आली ती रविवार बेचव होत होता म्हणून. पूर्वी दीड-दोन मिनिटांची आघाडी झाली की चालक रविवारी टायर राखत, गाडी सांभाळत निघायचे आणि फक्त पॉवर स्टेजवर जोर काढायचे. प्रेक्षकही कंटाळत आणि दूरचित्रवाणीवालेही. तेव्हा रविवारला वेगळी किंमत दिली. पण औषध जरा जास्तच झाले. स्वीडनमध्ये एसापेक्का लाप्पीने रॅली जिंकली आणि त्याला मिळाले १९ गुण. दुसऱ्या आलेल्या एल्फिन एव्हान्सला २४. लाप्पीने रविवारी आघाडी जपली, जे कोणताही शहाणा चालक करील, आणि त्याचीच शिक्षा भोगली. आपल्या पानावर नुसते ‘लाप्पी विजयी’ छापून आले आणि खाली गुणतक्त्यात एव्हान्स पुढे सरकलेला. वाचकाला वाटणार, छपाईची चूक आहे. एकच वाक्य खाली टाकले असते तर गोंधळ मिटला असता.

उलट बाजूही आहे. मोंते कार्लोला न्यूव्हिलने तिन्ही खाती साफ केली, १८ अधिक ७ अधिक ५, पूर्ण ३०. तिथे जी आघाडी घेतली ती त्याने मोसमभर कुणाला दिली नाही. आणि नशिबाच्या गोष्टीला इथेच खरे उत्तर आहे, कारण रॅलीत गुणतक्त्यात पुढे असणे ही बक्षिसापेक्षा शिक्षाच जास्त असते.

शुक्रवारी गाड्या गुणतक्त्याच्या क्रमाने सुटतात. पहिला असेल तो सगळ्यांत आधी. डांबरी रस्त्यावर याचा फायदा होतो: पुढचे चालक वळण आतून कापतात, चाके कडेच्या मातीत जातात आणि चिखल-खडे डांबरावर ओढून आणतात, ते मागच्यांना भोवते. मुरमाच्या रस्त्यावर नेमके उलटे. वर सुट्या कचेचा थर असतो, खाली टणक जमीन. पहिली गाडी तो थर झाडत जाते, चाके कचेवर घसरतात, ब्रेक लवकर दाबावा लागतो, वळणातून बाहेर पडताना गॅस उशिरा द्यावा लागतो. दहावी गाडी येईपर्यंत चाकोरी स्वच्छ झालेली असते. किलोमीटरमागे ०.३ सेकंद गेले असे धरले आणि शुक्रवारी १२० किलोमीटरच्या स्टेजेस असल्या तर ३६ सेकंद तिथेच गेले, चालकाने एकही चूक न करता. शनिवारपासून क्रम उलटा होतो, आघाडीवरचा शेवटी सुटतो. म्हणजे शुक्रवारी ज्याला चाकोरी स्वच्छ मिळाली त्याला शनिवारीही ती स्वच्छच मिळते. पाऊस पडला तर मात्र गणित बदलते: ओली कच बसून राहते आणि पहिल्याला चिखल व्हायच्या आतला रस्ता मिळतो.

तेरा फेऱ्यांपैकी आठ मुरमाच्या होत्या: केनिया, पोर्तुगाल, सार्डिनिया, पोलंड, लाटव्हिया, फिनलंड, ग्रीस आणि चिली. मोसमभर आघाडीवर असलेल्या न्यूव्हिलने या फेऱ्यांच्या शुक्रवारी रस्ता झाडला. आता विजेत्यांची यादी पाहा. काले रोवानपेरा चार, सेबास्तियन ओजिए तीन, न्यूव्हिल दोन, तानाक दोन, एव्हान्स एक, लाप्पी एक. यातले रोवानपेरा, ओजिए आणि लाप्पी पूर्ण मोसम खेळलेच नाहीत. तेरापैकी आठ विजय अर्धवेळ उतरणाऱ्यांचे. अधूनमधून उतरणारा गुणतक्त्यात खाली राहतो, म्हणून मागून सुटतो, म्हणून त्याला झाडलेला रस्ता मिळतो. ही त्यांची चोरी नव्हे, ते चालकही अव्वलच आहेत. पण दोनच फेऱ्या जिंकून २४२ गुणांनी जगज्जेता होणारा माणूस (एव्हान्स २१०, तानाक २००, ओजिए १९१) नशीबवान नसतो. खराब रस्त्यावरही पाचवा-सहावा येऊन गुण गोळा करणे, हे त्याने केले. २०१३ आणि मग २०१६ ते २०१९ अशी पाच वेळा दुसऱ्या क्रमांकावर अडकलेल्या बेल्जियमच्या या चालकाला ते आधी साधत नव्हते. वेग होता, पण एखाद्या शनिवारी गाडी दगडावर जायचीच.

दगड म्हटल्यावर फिनलंड आठवते. रोवानपेरा घरच्या रस्त्यावर ४० सेकंदांहून मोठ्या आघाडीवर होता. शेवटून दुसऱ्या स्टेजवर चाकोरीत आलेला एक दगड चाकाला लागला, गाडी झाडांत गेली आणि रॅली ओजिएला मिळाली. रॅलीआधी चालक रस्ता बघून घेतात, त्या पाहणीच्या वेळी असे दगड तिथे नसतात. सकाळी जाणाऱ्या गाड्यांची चाके कड उकरतात, आत गाडलेला दगड मोकळा होतो आणि दुपारी त्याच रस्त्यावर पुन्हा यावे तर तो चाकोरीत येऊन बसलेला असतो. म्हणूनच एकाच रस्त्यावरची सकाळची आणि दुपारची स्टेज या दोन वेगळ्या स्टेजेस असतात. आपल्या आढाव्यात यावर ‘बेफिकिरी’ असा शेरा होता. तो अन्यायकारक आहे.

टायरचा विषय तर आपल्या पानावर कधी येतच नाही. खरे तर निम्मी रॅली तिथेच ठरते. मुरमावर १५ इंची रिम आणि ३०० मिलिमीटरची ब्रेक डिस्क, डांबरावर १८ इंची रिम आणि ३७० ची डिस्क. या मोसमात सगळ्यांना टायर पिरेल्लीचेच, मुरमासाठी मऊ आणि कडक असे दोन प्रकार. संख्या मोजून मिळते, त्यामुळे शुक्रवारी उधळपट्टी केली की रविवारी झिजलेल्या टायरवर यावे लागते. मऊ टायर गार, ओल्या, सुट्या रस्त्यावर धरतो. ऊन चढले आणि खालची खडी उघडी पडली की त्याचे तुकडे निघतात. कडक टायर टिकतो, पण सकाळच्या गार स्टेजवर पकड घेत नाही. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांवर तिरपे मिश्रण लावण्याची युक्ती संघ करतात, मोंते कार्लोला तर सर्रास: एका स्टेजमध्ये कोरडे डांबर, सावलीत बर्फ आणि पुन्हा कोरडे. स्वीडनला प्रश्नच नाही, तिथे अरुंद टायर आणि प्रत्येकात ३८४ खिळे. खिळे बर्फातच टिकतात. वर बर्फ कमी आणि खाली खडी लागली की उपटून निघतात आणि मग गाडी सरळही जात नाही.

त्यात स्टेपनी एक न्यायची की दोन, हा सकाळचा सगळ्यांत मोठा वाद. चाक-टायर मिळून वजन २० किलोच्या वर. दोन घेतल्या तर गाडी मागून जड होते, वळणात शेपूट सुटते. एक घेतली आणि दोन पंक्चर झाली तर दिवस संपला. पंक्चर झाल्यावरही प्रश्न असतो: स्टेजचे तीन-चार किलोमीटर उरले असतील तर तसेच रेटायचे, दहा-बारा उरले असतील तर थांबून चाक बदलायचे. सपाट, टणक जागा बघून थांबायचे, मऊ कडेला जॅक रुततो. गाडी उचलण्याआधी नट सैल करायचे, मग जॅक, चाक काढून दुसरे बसवायचे. नट आवळून झाल्यावर फाटके चाक मागे पट्ट्याने करकचून बांधायचे, नाहीतर पुढच्या उडीत ते आतच नाचते. मग दोघांनी पुन्हा सीटचे पट्टे लावायचे. मुरलेल्या जोडीला हे सगळे साधारण दोन मिनिटांत जमते. तसेच रेटले तर फाटलेल्या रबराच्या पट्ट्या फिरत मडगार्ड आणि ब्रेकची नळी तोडतात, आणि दोन मिनिटे वाचवायला जाऊन आख्खा दिवस जातो.

सार्डिनियात याच टायरने निकाल फिरवला. अडीचशे किलोमीटरहून अधिक स्टेजेस झाल्यावर ओजिए ६.२ सेकंदांनी पुढे होता. सुमारे सात किलोमीटरची पॉवर स्टेज उरलेली. तिथे टायर गेला आणि तानाक ०.२ सेकंदांनी जिंकला. या मालिकेतले हे सर्वांत निसटते अंतर, आणि २०११ मध्ये जॉर्डनला याच ०.२ ने जिंकणाराही ओजिएच होता. आपल्या पानावर या रॅलीला चार ओळी होत्या, त्यात अंतर दिलेले नव्हते!

वेळेचा नियम त्याच संदर्भात सांगून ठेवतो. दोन स्टेजेसच्या मधला रस्ता सर्वसामान्य वाहतुकीचा असतो, तिथे त्या देशाचे वेगाचे नियम लागू. पुढच्या नियंत्रण चौकीवर ठरलेल्या मिनिटाला हजर व्हायचे. एक मिनिट उशीर झाला तर १० सेकंदांचा दंड, आणि एक मिनिट लवकर गेलात तर पूर्ण ६० सेकंदांचा. लवकर येणाऱ्याला जास्त दंड, हे नवख्याला विचित्र वाटते. पण तो नसता तर प्रत्येक जण गावातल्या रस्त्यावरही गाडी पळवत आला असता. सर्व्हिसमधून, म्हणजे गाडी दुरुस्तीच्या थांब्यातून, उशिरा बाहेर पडलात तरी तोच १० सेकंदांचा हिशेब. त्यामुळे ‘गाडीत बिघाड, दंड ५० सेकंद’ अशी बातमी आली की समजायचे, मेकॅनिकना पाच मिनिटे जास्त लागली.

हे सगळे घड्याळ, दंड, चौकीचे कार्ड सांभाळतो तो सहचालक. आणि त्याचे नाव आपण कधीच छापत नाही. न्यूव्हिलसोबत मार्टाइन वायडाखे हाही जगज्जेता आहे. सहचालकांचे विजेतेपद वेगळे दिले जाते. पाहणीच्या वेळी प्रत्येक स्टेज दोनदाच बघता येते, तीही मर्यादित वेगात. पहिल्या खेपेला चालक सांगतो आणि सहचालक लिहून घेतो, दुसऱ्या खेपेला तेच वाचून दुरुस्त करतात. ‘८०, चढावरून डावे पाच, लगेच उजवे तीन, आवळते, कापू नको’ अशी ती भाषा: आकडा वळणाचा वेग सांगतो, ८० म्हणजे मधले मीटर. हे वाचायचे ते वळणाच्या किती आधी, यातच सगळे कसब. लवकर वाचले तर चालक विसरतो, उशिरा वाचले तर काय होते ते सांगायला नको. पोलंडला ओजिए पाहणीच्या वेळच्या अपघातामुळे बाद झाला आणि रोवानपेराला ऐनवेळी घरून बोलावले. पाहणीचा वेळ बराचसा निघून गेलेला. तरी तो आणि योने हाल्टुनेन ती रॅली जिंकले. आपल्या पानावर त्यातले एकच नाव आले.

२०२४ च्या गाडीबद्दल थोडक्यात, कारण भोसरी-चाकणच्या पट्ट्यात आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण रोज इंजिने हाताळतात आणि त्यांना ‘शक्तिशाली कार’ या दोन शब्दांत काही कळत नाही. १.६ लिटरचे टर्बो इंजिन, जोडीला १०० किलोवॉटची हायब्रिड मोटर, दोन्ही मिळून ५०० अश्वशक्तीच्या वर. पाच गिअरचा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स, चारही चाकांना ओढ, मधला डिफरन्शियल नाही. हायब्रिडची पेटी सीलबंद. संघाच्या मेकॅनिकलाही ती उघडता येत नव्हती. बाहेर दिवा असायचा, हिरवा असेल तरच गाडीला हात लावायचा. २०२५ च्या मोसमात ही पेटीच निघाली. किमान वजन १२६० किलोवरून ११८० वर आले आणि हवेचा रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा मर्यादित ठेवणारे तोंड) ३६ मिलिमीटरवरून ३५ झाला. टायरही पिरेल्लीऐवजी हँकूकचे आले. आम्हांला हा बदल पटतो. पेटी महाग होती आणि ती बंद पडली तर चालकाने नुसते वजन वाहायचे. मात्र हलक्या गाडीचे शॉकअप, स्प्रिंगा, वजनाचा समतोल सगळे नव्याने बसवावे लागणार होते आणि टायरची वागणूक कुणालाच पाठ नव्हती. अशा वेळी पहिल्या तीन-चार फेऱ्यांच्या निकालावरून कुणाला चढवू किंवा उतरवू नये.

गुणांची पद्धतही डिसेंबर २०२४ मध्ये बदलली. २०२५ पासून रॅलीच्या अंतिम क्रमाला २५-१७-१५-१२-१०-८-६-४-२-१, रविवारच्या बेरजेला पहिल्या पाचांना ५ ते १ आणि पॉवर स्टेजला ५ ते १. कमाल ३५. जिंकणाऱ्याला दुसऱ्यापेक्षा आठ गुण जास्त, त्यामुळे स्वीडनसारखा प्रकार सहज होणार नाही.

आपल्याकडे मागणी एवढीच. प्रत्येक फेरीनंतर पाच ओळी पुरतील: पहिल्या तीन जोड्यांची नावे, चालक आणि सहचालक दोघांचीही, पहिल्या आणि दुसऱ्यातले अंतर सेकंदाच्या दशांशापर्यंत, रस्ता मुरमाचा, डांबरी की बर्फाचा, मोठे दंड किंवा माघार आणि त्याचे कारण, आणि चालक व कंपन्या या दोन्ही यादीतले पहिले तीन, ताज्या गुणांसह. सोबत फॉर्म्युला वनच्या गाडीचे चित्र लावू नये, या मोसमात ते दोनदा झाले. ‘लॅप’ हा शब्दही नको. रॅलीत फेऱ्या मारत नाहीत, गाड्या साधारण तीन-तीन मिनिटांच्या अंतराने एकेक सुटतात आणि घड्याळाशी झुंजतात.

वेळेचीही अडचण दिसत नाही. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. २४ नोव्हेंबरच्या रविवारी निकाल लागला तेव्हा पुण्यात दिवस मावळायला बराच अवकाश होता, तरी सोमवारच्या अंकात बातमी नव्हती, मंगळवारी आली. पावसाळ्यानंतरच्या ताम्हिणीसारखे ते अरुंद, झाडांच्या सावलीतले, पाला साचून निसरडे झालेले रस्ते. तिथे मोसम कसा फिरला हे दुसऱ्याच दिवशी वाचायला मिळायला हवे होते.

त्यानंतरची मोंते कार्लो २३ ते २६ जानेवारी २०२५ ला झाली. तिकडची घड्याळे हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात, त्यामुळे गुरुवारच्या रात्रीच्या स्टेजेस शुक्रवारच्या अंकात बसणार नाहीत, त्या शनिवारी द्याव्यात. रविवारची पॉवर स्टेज मात्र आपल्याकडे संध्याकाळपर्यंत संपलेली असेल. २०२५ मध्ये न्यूव्हिलच्या गाडीवर १ क्रमांक होता, छायाचित्र निवडताना गाडीचा क्रमांक तेवढा पाहावा.

आपले,
रॅलीचे नियमित अनुयायी काही वाचक
कोथरूड, भोसरी, चिंचवड (पुणे)